पेन्सिलची फुली

"फुली बारीक मारायची, रत्ना. पेन्सिलीला टोक हवं, हात हलका हवा. सही झाली की खोडरबरानं पुसून टाकायची. कागदावर आपला माग राहता कामा नये."

अप्पासाहेब उपाध्यांनी मला ऑफिसातलं पहिलं काम शिकवलं ते हे. जयसिंगपूरच्या सातव्या गल्लीत, खाली खताचं दुकान आणि वर दोन खोल्या, एवढं ते ऑफिस. पाटीवर 'उपाध्ये आणि कंपनी, चार्टर्ड अकाउंटंट्स' असं होतं. कंपनी म्हणजे अप्पासाहेब, दत्तू गुरवभाऊ आणि मी. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. यजमान जाऊन दोन वर्षं झालेली, घरी सासू एकटी. अप्पासाहेबांनी नोकरी दिली म्हणून आमच्या घरात चूल पेटत होती, त्यामुळं त्यांनी जशी सांगितली तशी फुली मी वीस वर्षं मारली.

फुलीचं कारण साधं होतं. आमच्या पार्ट्या सगळ्या व्यापारी. कुणाची अडत, कुणाची तेलाची गिरणी, कुणाचं कापडाचं दुकान. कर हलका व्हावा म्हणून धंद्याचा एखादा भाग बायकोच्या नावावर ठेवायची रीत घरोघर होती. मग सगळ्या कागदांवर सही बायकोची लागायची. पण बायको काही ऑफिसात यायची नाही. कागद नवऱ्याबरोबर घरी जायचे आणि सही होऊन परत यायचे. चुकीच्या जागी सही पडू नये म्हणून आम्ही जागोजाग फुली मारून द्यायचो. वहिनी पोळ्या लाटता लाटता हात पुसायच्या, फुली शोधायच्या आणि सही करायच्या. कागदावर काय लिहिलंय ते त्यांना कुणी सांगत नसे आणि त्या विचारत नसत.

दर महिन्याच्या दहा तारखेला आमचं एक पत्रक निघायचं. ती अप्पासाहेबांची हौस. एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. पुढच्या पानावर कराच्या सूचना. विम्याच्या पावत्या जपून ठेवा, अमुक तारखेच्या आत अमुक फॉर्म भरा, मार्चच्या आधी शिल्लक माल मोजा. मागच्या पानावर गावाची खबरबात. कुणाची मुलगी डॉक्टर झाली, कुणाच्या घरी विधानाची पूजा आहे, कोण वारलं, कुणाला कुठलं रक्त हवंय, कुणाचा चष्मा सापडलाय. पुढचं पान साहेबांचं आणि मागचं माझं. चारशे घरांत ते पत्रक जायचं. मी कितीतरी स्वयंपाकघरांत ते खिळ्याला अडकवलेलं बघितलंय, आणि दर वेळी मागचं पान वर असायचं. पुढचं पान पुरुष वाचत, मागचं बायका.

अप्पासाहेब गेल्यावर त्यांचा मुलगा शीतलकुमार खुर्चीवर बसला. तो चड्डीत होता तेव्हापासून मी त्याला ओळखत होते, पण ऑफिसात मी त्याला शीतलसाहेबच म्हणायची आणि तो मला आक्का. मुलगा हुशार, कामाला चोख, फक्त मोठ्या पार्टीपुढं त्याची मान जरा लवकर वाकायची.

शहाण्णव सालच्या मार्च महिन्याच्या सुरुवातीला भरतेश खोत जिना चढून वर आले. गुळाची अडत, तेलाची गिरणी, शिवाय भावकीतल्या नऊ फायली आमच्याकडं आणणारा हा माणूस. साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर एक स्टॅम्पपेपर होता आणि बँकेची दोन पत्रं.

"आक्का, खास तुमच्यासाठी काम आणलंय," खोत म्हणाले. "अकिवाटला जायचं. गाडी माझी. सही घ्यायची आणि यायचं."

मी कागद वाचला. गिरणीचं नाव 'श्री अनंतमती ऑइल मिल'. त्यात दोन भागीदार. रुपयातले साठ पैसे सौ. अनंतमतीचे, म्हणजे खोतांच्या बायकोचे, आणि चाळीस पैसे धाकट्या दिराचे. खोतांचं स्वतःचं नाव त्यात कुठंच नव्हतं, कारण त्यांच्या नावावर अडतीचंच उत्पन्न पुष्कळ होतं. नव्या कागदात लिहिलं होतं की अनंतमती आपखुशीनं गिरणीतून बाहेर पडत आहे, तिला सगळं पोचलेलं आहे आणि इथून पुढं तिचा कसलाही हक्क नाही.

अनंतमतीला दिवाळीच्या आधी अकिवाटला भावाच्या घरी नेऊन सोडलं होतं, हे गावाला ठाऊक होतं. बारा वर्षांत मूल झालं नाही, हे कारण. भरतेशअण्णा दुसरं घर करणार, अशी बोलणी चालली होती तीही ठाऊक होती. आता एकतीस मार्चच्या आत तिचं नाव गिरणीतून काढायचं म्हणजे नव्या वर्षाच्या वह्या मोकळ्या. सही केली असती तर तिच्याजवळ काय उरलं असतं, याचा मी हिशेब केला. भावाच्या सोप्यातली एक खाट.

खोत म्हणाले, की धाकट्या भावाला दोनदा पाठवलं, पण बाई हट्टाला पेटलीय. कागद हातात घेत नाही. म्हणते, ऑफिसातल्या आक्का आल्या की करीन.

"तिचा तुमच्यावर लई भरवसा," ते हसत म्हणाले. "तुम्ही नुसत्या फुल्या मारा आणि समोर ठेवा."

"वहिनींना काय म्हणून सांगायचं?" मी विचारलं.

"नेहमीचंच की. मार्चचे कागद म्हणायचं."

मी 'बघते' म्हणाले आणि कागद खणात ठेवला.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. यजमान गेल्यावर मी मुनिमहाराजांकडून अणुव्रतं घेतली होती. सूर्यास्तानंतर जेवायचं नाही, खोटं बोलायचं नाही, अशी. शिवाय रोज सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेले की भगवंतांसमोर त्या दिवसापुरता एक छोटा नियम घ्यायची. आज गूळ नाही. आज तीनच पदार्थ. आज कुणाला उलट बोलायचं नाही. ऑफिसात त्याची थट्टा व्हायची. मी जिना चढून आले की गुरवभाऊ विचारायचे, "आज काय सोडलं, आक्का?" मी सांगितलं की म्हणायचे, "बरं झालं, म्हणजे तुमच्या डब्यातला लाडू आमचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बस्तीत हात जोडून उभी राहिले आणि नियम घ्यायला तोंड उघडलं, तर निघाला तो माझा मलाच नवा होता. ज्याची सही, त्याला कागद वाचून दाखवल्याशिवाय आज मी फुली मारणार नाही.

ऑफिसात आले. गुरवभाऊंनी विचारलं, "आज काय, दही का गूळ?"

"फुली," मी म्हणाले.

ते हसले, मग माझ्याकडं बघून हसायचे थांबले. माझ्या टेबलावर त्या दिवशी अकरा पार्ट्यांचे कागद फुल्यांसाठी थांबलेले होते. मी ते नीट लावले, प्रत्येकावर नाव लिहिलं आणि जागेवर ठेवून दिले. दुपारी साहेबांनी बोलावलं.

"आक्का, नियम खाण्यापिण्याचे असतात."

"बोलण्याचेही असतात. चतुर्दशीला मी मौन धरतेच की."

"पण हे ऑफिसचं काम आहे."

"बाकीचं सगळं करते, साहेब. फुलीच तेवढी नाही."

त्यांनी कपाळ चोळलं. व्रताच्या आड यायचं म्हणजे त्यांच्या आईला काय वाटेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "किती दिवसांचा आहे?"

"आजच्यापुरता."

"मग ठीक आहे," ते हलके होऊन म्हणाले. "उद्या सगळ्या एकदम मारा."

उद्या आला. मी जिना चढले तेव्हा साहेब स्वतःच दारात उभे होते. आजचा नियम काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, तोच. किती दिवसांचा? आजच्यापुरता. गुरवभाऊ खातेवहीत तोंड घालून बसले होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

मार्च महिना कुणासाठी थांबत नाही. साहेबांनी मग स्वतःच फुल्या मारल्या आणि कागद पाठवून दिले. पण त्यांनी आजवर एकही फुली मारलेली नव्हती. घाईत बॉलपेननं मारल्या, त्या पुसता येईनात. कोठाडियांच्या सूनबाईंनी फुली बघून सासऱ्यांच्या जागी सही ठोकली. चौगुल्यांच्या घरून कागद आला त्यात वहिनींनी फुलीवर फुलीच काढली होती; त्यांना वाटलं, आता सहीऐवजी हेच चालतं. चार फॉर्म फुकट गेले. साहेबांनी आपल्या खोलीचं दार लावलं तेव्हा आवाज झाला.

आठ तारखेला छापखान्यातून पत्रकाचं प्रूफ आलं. पुढच्या पानावर साहेबांनी सांगितलेल्या मार्चच्या सूचना होत्या. मागचं पान मी आदल्या दिवशी लिहून दिलं होतं. त्यात एका गुरुजींच्या शोकसभेची बातमी आणि दहाव्या गल्लीत सापडलेल्या चष्म्याची बातमी यांच्या मधोमध मी एक चौकट टाकली होती.

मी प्रूफ घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. ते फोनवर होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "कुठं करू सही? फुली दिसत नाही."

"मारली नाही. आधी वाचून दाखवते."

"पुढचं मीच सांगितलंय."

"मागचं वाचते. या वेळी मागं एक सूचना आहे, ती तुम्ही ऐकायला हवी."

"आक्का, मागचं पान तुमचं. अप्पांच्या वेळेपासून तुमचं. कोण मेलं आणि कुणाला चष्मा सापडला, ते मला कशाला?"

"थोडंच आहे. एकच मिनिट लागेल."

"वेळ नाही हो." त्यांनी प्रूफ माझ्या हातातून ओढलं, जागा स्वतःच शोधली, सही केली आणि परत फोन उचलला.

मी बाहेर आले. पेन्सिलीला मी हात लावला नव्हता.

दहा तारखेला पत्रक निघालं. पत्ते नेहमी मीच लिहायची. आमच्या नोंदवहीत अनंतमतीचा पत्ता नवऱ्याच्या घरचा होता. तो मी खोडला, अकिवाटचा लिहिला आणि माझ्या पैशानं तिकीट लावून तिचं पत्रक पोस्टात टाकलं.

चौकट अशी होती: 'भगिनींसाठी. आपल्या नावावर धंदा, दुकान, जमीन किंवा ठेव असेल, तर तिची फाईल आमच्या ऑफिसात आपल्याच नावाची आहे. ती बघायला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या सहीची दोन ओळींची चिठ्ठी पाठवावी. ऑफिसातील रत्नप्रभा मगदूम सगळे कागद वाचून दाखवतील. फुली मारलेली असली, तरी न वाचलेल्या कागदावर सही करू नये.'

वीस वर्षांत पत्रकात माझं नाव पहिल्यांदा छापलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जिन्यावर काठीचा आवाज आला. चौगुल्यांच्या हौसाक्का. वय सत्तरच्या पुढं, हातात घडी केलेलं पत्रक. माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, की चिठ्ठी लिहिता येत नाही, आंगठा चालेल का. मी आंगठा घेतला आणि फाईल काढली. त्यांच्या नावावर सहा एकर ऊस, मुलानं काढलेलं एक कर्ज आणि एक ट्रॅक्टर होता.

"ट्रॅक्टर हाय माझ्या नावावर?" त्यांनी मला दोनदा विचारलं. मग काठी भिंतीला लावून ठेवत म्हणाल्या, "आनि मी रोज बस्तीला चालत जाते व्हय गं."

गुरवभाऊंना हसू आवरेना. पाणी पिऊन येतो म्हणून ते बाहेर गेले.

दुपारी कोठाडियांच्या दोन्ही सुना आल्या. खालच्या दुकानात गुलाबाला खत घ्यायला म्हणून निघाल्या होत्या. त्यांच्या घरी गुलाब नव्हता. संध्याकाळपर्यंत सात बायका झाल्या. मी प्रत्येकीला पहिल्या पानापासून वाचून दाखवत होते. कुणी डोळे पुसले नाहीत की आवाज चढवला नाही. फक्त एकीनं जाताना विचारलं, "आक्का, हे आधी का नाही सांगितलं?" मी तिची फाईल परत कपाटात लावली.

नवऱ्यांचे फोन सुरू झाले. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पत्रक होतं, मागचं पान वर.

"आक्का, हे काय आहे?"

"सूचना आहे. तुम्ही सही केलीत."

"मी वाचलं नव्हतं."

गुरवभाऊंनी खातेवहीचं पान उलटलं, मग तेच पान परत उलटलं. साहेबांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. पत्रक टेबलावर ठेवून ते आत गेले.

पंधरा तारखेला, शुक्रवारी, खोत आले. या वेळी बसले नाहीत. तोच स्टॅम्पपेपर त्यांनी माझ्या खणातून आदल्या दिवशी मागवून घेतला होता. तो त्यांनी माझ्यासमोर ठेवला. खालच्या कोपऱ्यात निळ्या शाईची मोठी फुली होती.

"तुमचा नियम आमी मोडत नाही, आक्का," ते म्हणाले. "फुली मी मारलीय. तुम्ही फक्त नेऊन समोर ठेवा."

साहेब दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"नेईन," मी म्हणाले. "पण सही घ्यायची तर आधी वाचून दाखवीन. हाही आणि फाईलीतले बाकीचेही."

"तिला काय कळतंय त्यातलं?"

"पाटल्यांचं कळेल."

खोतांचा कागदावरचा हात मागं गेला. साहेबांनी मान वर केली. त्यांना ही गोष्ट माहीत नव्हती. अप्पासाहेब, खोत आणि मी, तिघांनाच माहीत होती. तिघांत अप्पासाहेब आता नव्हते.

बारा वर्षांपूर्वी, लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा, खोत अनंतमतीला घेऊन ऑफिसात आले होते. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत, मेंदी अजून गेलेली नव्हती. गिरणी तिच्या नावानं काढायची, तर भांडवल तिचं दाखवायला हवं. म्हणून तिच्या माहेरचं सोनं मोडलं होतं, पाटल्या, गोठ, आईनं दिलेली मोहनमाळ. दाखवण्यापुरतं नव्हे, खरंच मोडलं होतं. त्याची सराफाची पावती आणि तिच्या सहीचा कागद फाईलला लावायचा होता. तिला घरी सांगितलं होतं, की दागिने बँकेच्या लॉकरात आहेत. पुरुष आतल्या खोलीत बोलत बसले होते. मी तिच्यासमोर कागद ठेवला आणि फुली दाखवली. तिनं पेन हातात धरून मला विचारलं, "आक्का, हे कशाचं वो?"

मला माहीत होतं. मीच तो कागद टंकून काढला होता. आतून अप्पासाहेबांनी 'झालं का, रत्ना' म्हणून हाक मारली.

"साधा कागद आहे, वहिनी," मी म्हणाले. "नंतर एक दिवस निवांत बसून सगळं वाचून दाखवीन."

"नक्की?"

"नक्की."

तिनं सही केली. मी खोडरबरानं फुली पुसली. त्यानंतर ती ऑफिसात कधी आली नाही. कागद घरी जात राहिले. सत्याचं व्रत घेऊन मला तेव्हाच दहा वर्षं झाली होती. रोज सकाळी मी गूळ सोडत होते, दही सोडत होते, आणि ते एक वाक्य तसंच राहिलं होतं. अकिवाटला बसून ती म्हणत होती, की आक्का आल्या की सही करीन. लोकांना तो तिचा हट्ट वाटला. मला ठाऊक होतं, ती माझ्या शब्दाची वाट बघत होती.

खोत साहेबांकडं वळले. म्हणाले, की या बाईला आवरा, नाहीतर भावकीच्या नऊच्या नऊ फायली आज खाली उतरतील.

"आक्का," साहेब हळू आवाजात म्हणाले, "त्यांची वर्षाची फी किती आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पावती मीच फाडते."

"मग माफी मागा आणि विषय संपवा."

"कशाची मागू, तेवढं सांगा."

मी माझ्या रोजच्या सामायिकाच्या, म्हणजे ध्यानपाठाच्या, पोथीतून एक पोस्टकार्ड काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्या सकाळच्याच टपालानं आलेलं. अक्षर शाळेतल्या मुलीसारखं, एकेक अक्षर वेगळं काढलेलं. 'माझी फाईल मला वाचून दाखवावी. आक्कांनी कबूल केले आहे. अनंतमती.' खाली सही. त्या सहीशेजारी फुली नव्हती. तिची जागा तिनं स्वतःच शोधली होती.

"पार्टीनं फाईल मागितली आहे, साहेब," मी म्हणाले.

"पार्टी मी आहे," खोत म्हणाले.

"गिरणीच्या फाईलीवर बघा. तुमचं नाव नाही."

साहेब कपाटाजवळ गेले, फाईल काढली आणि पुठ्ठ्यावरचं नाव बघत उभे राहिले. अप्पासाहेबांच्या हातचं अक्षर होतं. खोतांनी एकदा हाक मारली, तरी त्यांनी मागं वळून बघितलं नाही. मला वाटलं, फाईल परत आत जाणार.

त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली.

"तुम्ही आज गेलात, तर सोमवारी येऊ नका," ते म्हणाले.

"सोमवारचं सोमवारी बघू."

"मी थट्टा करत नाहीये, आक्का."

"मीही नाही."

खोत म्हणाले, की हिची सासू काय खाणार ते बघतोच. मी त्यांच्याकडं नीट बघितलं. माझा आवाज कधीच मोठा नव्हता, तेव्हाही नव्हता. "भरतेशअण्णा," मी म्हणाले, "मी दिवसातून एकदा जेवून कित्येक महिने काढलेत. माझ्या सासूनंही काढलेत. उपाशी राहायची भीती आम्हाला घालू नका. तुमचा हा कागदही मी नेते आहे. तोही वाचून दाखवीन, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग वहिनींना करायची असेल तर त्या सही करतील."

त्यांनी झडप घालून स्टॅम्पपेपर उचलला, घडी घालून खिशात कोंबला आणि जिना उतरून गेले. जाताना खालच्या खतवाल्याला काहीतरी बोलले, ते वरपर्यंत ऐकू आलं.

मी जावक-वही काढली आणि त्यात नोंद केली. तारीख, फाईलीचं नाव, कुणाच्या मागणीवरून, कोण घेऊन जातंय. पोस्टकार्ड टाचणीनं लावलं. साहेबांना सही करायची होती ती जागा मोकळी ठेवून वही त्यांच्यासमोर धरली आणि नोंद मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांनी या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. मग सही केली. माझ्याकडं न बघता आत गेले, पण दार त्यांनी लावलं नाही.

गुरवभाऊंनी खणातून सुतळी काढून दिली. मी फाईल बांधली. ते म्हणाले, "आक्का, अकिवाटहून परतायला अंधार पडणार. जेवणाचं काय?"

"आज नाही."

"मग डबा?"

मी डबा त्यांच्या टेबलावर ठेवला. आत लाडू होता.

पिशवीत फाईल, चष्मा आणि पाण्याची बाटली घेतली. टेबलावर पेन्सिल होती, खोडरबर होता. दोन्ही तिथंच राहू दिले.

एस.टी. स्टँडच्या वाटेवर बस्ती लागते. दुपारी दार बंद असतं. मी पायरीशी चपला काढून उभी राहिले, हात जोडले. सकाळी घेतलेला नियम परत म्हटला. आमच्यात मुदतीचं व्रत वेगळं आणि जन्माचं वेगळं. 'आजच्यापुरता' हा शब्द या वेळी मी म्हटला नाही.

अकिवाटची गाडी तीन चाळीसला सुटायची. कंडक्टरनं सिंगल का रिटर्न असं विचारलं. मी म्हणाले, जायचं द्या, यायचं तिथं बघू. खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी गल्ल्या मागं टाकून शिरोळच्या रस्त्याला लागली तेव्हा मी सुतळी सोडली, चष्मा लावला आणि फाईल मांडीवर उघडली. पहिलं पान पाटल्यांचं होतं. ते मी मनातल्या मनात दोनदा वाचलं. तिच्यासमोर वाचताना कुठं अडखळायला नको होतं.